पुन्हा पहिल्या सुरापासून

पेटी शिकायची राहून गेली, ही खंत आपल्याकडे घरोघरी असते. लहानपणी बाईंकडे चार-सहा महिने सरगम गिरवलेली असते. मग दहावीचं वर्ष येतं, मग लग्न, मग मुलं, सासू-सासऱ्यांची आजारपणं. माळ्यावर ठेवलेल्या पेटीच्या भात्याला कधी भोक पडतं तेही कळत नाही. पुढे मुलं मोठी होतात, दुपारचे दोन तास मोकळे मिळायला लागतात आणि मनात पुन्हा काहीतरी हलतं. पण क्लासच्या पायऱ्या चढायच्या आधीच आपण आपल्याला अडवतो. आता बोटं वळतील का? आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर बसून सा रे ग म म्हणायचं? शेजारणी हसतील का?

मैत्रिणींनो, आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्यांनाही एका टप्प्यावर सगळं सोडून पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात करावी लागली होती. तेव्हा ते लहान नव्हते. लग्न झालेलं होतं, हातात दहा वाद्यं होती, चार लोकांत नाव होतं. तरीही ते एका नव्या वाद्यासाठी कुणाच्या तरी दारात जाऊन बसले. त्यांचं नाव उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि अन्नपूर्णादेवी यांचे गुरू. सगळं संगीतविश्व त्यांना नुसतं बाबा म्हणून ओळखतं.

बाबांची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा त्यांच्या तपश्चर्येचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत त्यांची बायको आहे, दोन मुली आहेत. त्यांना वगळून ही गोष्ट पुरी होत नाही.

घरातून पळालेला मुलगा

बाबांचा जन्म शिवपूर नावाच्या खेड्यातला. ब्राह्मणबाडियाजवळचं हे गाव आता बांगलादेशात आहे. घरची थोडीफार शेती, पण घरात सूर होता. वडील सतार वाजवायचे. थोरला भाऊ आफताबुद्दीन बासरीपासून तबल्यापर्यंत बरीच वाद्यं वाजवायचा. पुढे तो फकीर वृत्तीचा झाला. धाकट्या भावाला पहिले धडे त्यानेच दिले.

शाळेत या मुलाचं मन लागेना. पुस्तकं घेऊन निघायचं आणि देवळात भजन चाललं असेल तिथे जाऊन बसायचं, असं चाललेलं. घरी मार बसला, आणि आठ-दहा वर्षांचा हा पोरगा एके दिवशी पळून गेला. बंगालमध्ये जात्रा म्हणजे आपल्याकडच्या तमाशा-दशावतारासारखी गावोगाव फिरणारी नाटकमंडळी असते. तिच्याबरोबर तो फिरत राहिला आणि शेवटी कोलकात्याला पोचला. अन्नछत्रात जेवायचं, मिळेल तिथे झोपायचं. या हालातही शोध एकच, गुरू कुठे मिळेल.

गुरू मिळाले ते नुलो गोपाल या नावाने ओळखले जाणारे नामवंत गायक. त्यांची अट कडक होती. बारा वर्षं नुसते स्वर घोटायचे, पलटे म्हणायचे, त्यानंतर गाणं. मुलाने अट मान्य केली आणि सात वर्षं सरगम म्हटली. मैत्रिणींनो, सात वर्षं! आपल्याला दुसऱ्या महिन्यात भूप राग आला नाही तर क्लास बदलावासा वाटतो. पण बारा वर्षं पुरी व्हायच्या आतच प्लेगमध्ये गुरू गेले. तरुण अल्लाउद्दीनने त्या दुःखात गायचं नाही असं ठरवलं आणि तो वाद्यांकडे वळला.

त्या दिवसांत घरच्यांनी त्याचा पत्ता काढून त्याला गावी नेलं होतं. मुलगा घरात राहत नाही म्हटल्यावर त्या काळचे आईबाप जे करत तेच त्यांनीही केलं. लग्न लावून दिलं. नवरी होती मदनमंजरी, वयाने अगदीच लहान. पायात बेडी पडली की पळणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. पण लग्नानंतर लगेचच तो पुन्हा कोलकात्याला पळाला. नवरी तिथेच राहिली. ती सासरी होती पण नवरा नव्हता, आणि तो कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्याकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

सगळं येतं असं वाटलं तेव्हा

कोलकात्यात त्यानंतरची काही वर्षं म्हणजे नुसतं शिकणं होतं. स्वामी विवेकानंदांचे नात्यातले हाबू दत्त वाद्यवृंद चालवायचे. त्यांच्याकडे देशी-विदेशी वाद्यं शिकून झाली. लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकून झालं. हजारी उस्तादांकडे सनई आणि नगारा. बासरी, क्लॅरिओनेट, कॉर्नेट, मँडोलिन, बँजो, पखवाज, तबला. पोटापाण्यासाठी गिरीशचंद्र घोष यांच्या नाटक मंडळीत वादकाची नोकरी. जे वाद्य हातात येईल ते वाजवता यायला लागलं. नाव व्हायला लागलं, चार पैसे मिळायला लागले.

साहजिकच थोडा ताठाही आला. आपल्याला न येणारं आता काही उरलं नाही अशा समजुतीत ते मुक्तागाछाच्या जमीनदारांकडे, जगतकिशोर आचार्यांकडे गेले. जमीनदार संगीताचे मोठे शौकीन होते. त्यांच्या दरबारात आपली कला दाखवावी, बिदागी घ्यावी, एवढाच विचार. तिथे त्या वेळी अहमद अली खाँ नावाचे सरोदवादक होते. त्यांनी सरोद जुळवला आणि वाजवायला सुरुवात केली.

सरोद आपल्यातल्या अनेकींनी टीव्हीवर पाहिला असेल, पण त्याची गंमत जरा सांगायला हवी. सतारीला पडदे असतात. बोट कुठे ठेवायचं हे पडदा सांगतो. सरोदला पडदेच नाहीत. तारांखाली पोलादाची गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर तार दाबायची तीही बोटाच्या पेराने किंवा नखाच्या कडेने. बोट केसभर सरकलं की सूर गेला. खालच्या अर्ध्या भागावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं असतं, म्हणून आवाजाला एक खोल, भरदार घुमारा येतो. दुसऱ्या हातात नारळाच्या करवंटीचा घासून केलेला तुकडा असतो. त्याला जवा म्हणतात. त्याने तारा छेडायच्या. सूर कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते कानाने आणि बोटाने शोधायचं. तारेने नखाला खाच पडते, बोटं सोलवटतात. लहानपणापासून हात बसला तरच बसतो, असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्यातलं हे वाद्य.

ते ऐकून अल्लाउद्दीन ढसढसा रडले आणि अहमद अलींचे पाय धरून बसले. इतकी वर्षं मिळवलेलं सगळं त्यांना त्या क्षणी फिकं वाटलं. दहा वाद्यं वाजवणारा, दरबारात बिदागी घ्यायला आलेला हा माणूस शिष्य म्हणून घ्या अशी विनवणी करायला लागला. जमीनदारांनी शब्द टाकला आणि अहमद अलींनी होकार दिला.

मला या गोष्टीतला सगळ्यात अवघड क्षण हाच वाटतो. काहीच येत नसताना शिकायला बसणं सोपं असतं, कारण गमवायला काही नसतं. थोडंफार येतंय, लोक वा वा म्हणतायत, आणि तरी आपल्याला येत नाही हे स्वतःशी कबूल करायचं, त्याला मोठं मन लागतं. मोठ्या वयात शिकताना आपल्याला बोटांपेक्षा मानच जास्त आडवी येते.

मग सुरू झाली गुरूच्या घरची चाकरी. पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, गुरूबरोबर गावोगाव हिंडायचं आणि उरलेल्या वेळात सरोदचा रियाज करायचा. बाबा डावखुरे होते. सरोद ते डाव्या हाताने छेडत. शिकवणी तशी बेताचीच होती, कारण त्या काळी उस्ताद आपली खास विद्या घराबाहेर जाऊ देत नसत. पण बाबांचे कान तयार होते. गुरू वाजवत ते ऐकून ऐकून त्यांनी आत्मसात केलं आणि एकांतात घटवलं. हे गुरूंच्या लक्षात आलं तेव्हा ते काही खूश झाले नाहीत. आपण न दिलेलं याने घेतलं, असं त्यांना वाटलं. ती शिकवणी तिथेच संपली.

रामपूरचा बंद दरवाजा

अहमद अलींबरोबर बाबा रामपूरला आले होते. हे संस्थान म्हणजे त्या काळात संगीताची पंढरीच. नवाब हमीद अली खाँ स्वतः जाणकार. त्यांचे गुरू वझीर खाँ हे थोर बीनकार. तानसेनाच्या मुलीकडून चालत आलेल्या वंशातले. खरी विद्या या माणसाकडे आहे, हे बाबांनी ओळखलं. पण वझीर खाँच्या दारावर पहारा होता. असे कितीतरी लोक येत. पहारेकरी रोज हाकलून द्यायचे आणि बाबा रोज जायचे.

महिन्यामागून महिने गेले. शेवटी जिवावर उदार झालेल्या या माणसाने एक धाडस केलं. एका मौलवींकडून अर्ज लिहून घेतला आणि नवाबाची गाडी रस्त्याने येत असताना तिच्यासमोर झोकून दिलं. शिपायांनी धरलं. नवाबाने चौकशी केली, हा माणूस बॉम्ब टाकायला नव्हे तर संगीत शिकायला आलाय हे कळल्यावर त्याला राजवाड्यावर नेलं आणि वाद्यं वाजवून दाखवायला सांगितली. एकामागून एक वाद्यं वाजली. नवाब थक्क झाले आणि त्यांनी वझीर खाँना बोलावून या माणसाला शिष्य करून घ्यायला सांगितलं. गंडा बांधला गेला.

इथे आपल्याला वाटतं, सुटला बिचारा. पण नाही. नवाबाच्या शब्दाखातर गंडा बांधला खरा, पण पुढे सुमारे अडीच वर्षं वझीर खाँनी त्यांना एक सूरही शिकवला नाही. रोज जायचं, दाराशी उभं राहायचं, सलाम करायचा आणि परत यायचं. बाबांनी ती वर्षं फुकट घालवली नाहीत. नवाबाच्या बँडमध्ये वाजवत राहिले, रामपुरात येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांकडून धृपद-धमार गोळा करत राहिले. पण ज्याच्यासाठी आले होते ते मिळत नव्हतं.

मागे राहिलेली मदनमंजरी

हे बंद दार उघडलं ते मदनमंजरीमुळे.

इतकी वर्षं ती शिवपूरला होती. लग्न झालेलं, पण संसार नाही. नवऱ्याने टाकलेली म्हणून गाव काय बोललं असेल याची कल्पना आपल्याला करता येते. आपल्या आजीच्या पिढीत प्रत्येक आळीत अशी एखादी बाई असायचीच. नवरा साधू झाला, नवरा मुंबईला गेला तो आलाच नाही, नवरा नाटक कंपनीबरोबर गेला. ती मात्र कुंकू लावून, खाली मान घालून दिवस काढत असायची. त्या दिवसांना कुणी तपश्चर्या म्हणत नाही.

एक दिवस रामपूरला घरचा निरोप आला. मदनमंजरीने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. नशिबाने ती वाचली होती. हा निरोप वझीर खाँच्या हातात पडला. घरी तरुण बायको आहे, ती अशा अवस्थेत आहे, आणि हा माणूस आपल्या दाराशी वर्षानुवर्षं उभा आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांचं मन हललं. त्यांनी बाबांना जवळ बोलावलं आणि त्या दिवसापासून मनापासून शिकवायला सुरुवात केली. धृपद, धमार, रबाब, सूरसिंगार, सगळं दिलं. फक्त बीन शिकवली नाही, ती घराण्यातल्याच लोकांसाठी राखलेली होती.

म्हणजे बघा, ज्या विद्येसाठी बाबांचं नाव झालं, तिची किंमत दोघांनी मोजली होती. बाबांनी स्वतःच्या इच्छेने मोजली, तिने न विचारता. बाबांना घर सोडून पळता आलं. मदनमंजरीच्या मनात असा एखादा सूर असता तर तिला पळता आलं असतं का? आणि पळाली असती तर तिच्या गोष्टीला आपण काय म्हटलं असतं?

बाबांनाही ही जाणीव असावी. पुढे स्थिरस्थावर झाल्यावर त्यांनी तिला आपल्याकडे आणलं, संसार केला. मदनमंजरी मदिना बेगम या नावानेही ओळखली जायची. मैहरला बांधलेल्या घराला बाबांनी नाव दिलं मदिना भवन. आणि त्यांनी जे नवे राग बांधले, हेमंत, दुर्गेश्वरी, हेमबिहाग, शोभावती, त्यातल्या एका रागाचं नाव आहे मदनमंजरी. भरपाई म्हणायची तर ती पुरी कशी होणार? पण निदान ती विसरली गेली नाही.

मैहरची शाळा

1918 साली बाबा मैहरला आले. मध्य प्रदेशातलं हे लहानसं संस्थान, शारदामातेच्या डोंगरावरच्या देवळासाठी प्रसिद्ध. राजे ब्रिजनाथ सिंह यांना संगीत शिकायचं होतं, त्यांनी बाबांना गुरू म्हणून नेमलं. पाच वेळा नमाज पढणारे बाबा शारदेचेही निस्सीम भक्त होते. त्यांच्या मनात यात कधी विसंगती आली नाही.

मैहरमध्ये त्याच सुमारास साथीच्या रोगाने कितीतरी मुलं पोरकी झाली होती. या मुलामुलींना गोळा करून बाबांनी त्यांना वाद्यं शिकवली आणि एक वाद्यवृंद उभा केला. अक्षरओळख नसलेली ही मुलं नोटेशनशिवाय, नुसत्या कानावर सगळ्या बंदिशी पाठ करायची. वाद्यं कमी पडली तेव्हा बाबांनी जुन्या बंदुकांच्या नळ्या कापून त्यांचं एक वाद्य बनवलं. जलतरंगासारखं वाजणारं हे नलतरंग. ज्या नळ्यांतून गोळ्या सुटायच्या त्यातून सूर यायला लागले. मैहर बँड या नावाने हा वाद्यवृंद गाजला आणि बाबांच्या मागेही चालू राहिला.

सरोदमध्येही त्यांनी सुधारणा केल्या. त्यांचे धाकटे भाऊ आयेत अली खाँ सूरबहार वाजवायचे आणि वाद्यं बनवण्यातही वाकबगार होते. दोघांनी मिळून सरोद मोठा केला, तारा वाढवल्या, आवाज अधिक घुमारदार केला. मोठेपणी हातात घेतलेलं वाद्य बाबांनी आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

शिक्षक म्हणून मात्र बाबा जमदग्नीचा अवतार. शिष्यांकडून फी घ्यायची नाही, उलट घरात ठेवून जेवूखाऊ घालायचं, पण सूर चुकला की हात उचलायचा. मुलगा अली अकबर याने लहानपणी बापाचा भरपूर मार खाल्ला. शिकवताना राजालाही वाद्य जुळवायची हातोडी फेकून मारली होती, असं सांगतात. रविशंकर यांना बाबांनी कधी मारलं नाही, पण एकदा हात नीट पडेना तेव्हा बांगड्या भर जा, असं म्हणून हिणवलं. तेवढ्याने दुखावलेले रविशंकर सामान बांधून निघाले होते. अली अकबरने मध्यस्थी करून त्यांना थांबवलं आणि बाबांनीही समजूत घातली.

बांगड्यांचा तो टोमणा वाचून आपल्याला हसू येतं, कारण त्याच घरात बांगड्या घातलेले एक मनगट होतं आणि ते सूरबहार पेलत होतं.

जळालेला तंबोरा

बाबांच्या एका मुलीचं नाव जहाँआरा. तिला त्यांनी गाणं शिकवलं होतं. लग्न होऊन ती सासरी गेली ती तंबोरा घेऊन. सासरी गाणं चालणारं नव्हतं. सासूने तिचा तंबोरा जाळून टाकला. मुलगी खचली, आजारी पडली आणि फार दिवस जगली नाही.

बाबांनी या घावातून एक धडा घेतला, पण चुकीचा. धाकट्या मुलीला संगीत शिकवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. सासरचं घर बदलता येणार नाही, तर मुलीलाच सुरांपासून दूर ठेवू, हा त्यांचा विचार. किती ओळखीचा वाटतो ना! मुलीने जास्त शिकू नये, उद्या जड जाईल, असं म्हणणारे आईबाप दुष्ट नसतात, घाबरलेले असतात.

धाकटीचा जन्म 1927 सालचा, चैत्र पौर्णिमेच्या सुमाराचा. मैहरच्या राजाने तिचं नाव ठेवलं अन्नपूर्णा. भाऊ अली अकबर वडिलांसमोर बसून शिकायचा तेव्हा ही घरात इकडेतिकडे कामं करत असायची. पण कान तिकडे. एक दिवस बाबा बाजाराला गेले होते. अली अकबर रियाज करत होता आणि चुकत होता. अन्नपूर्णेला राहवेना. बाबांनी असं नाही, असं शिकवलंय, म्हणून तिने ते गाऊन दाखवलं. भावाला समजावण्यात ती इतकी रंगली की वडील परत येऊन मागे उभे आहेत हे तिला कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा ती घाबरून गेली.

बाबांनी मारलं नाही. त्यांनी तिला आत नेलं आणि शिकवायला सुरुवात केली. आधी गाणं, मग सतार, मग सूरबहार. सूरबहार म्हणजे सतारीची थोरली बहीण. वजनाला भारी, सूर खोल, लोकांना चटकन न भावणारं वाद्य. बाबांनी ते मुलीच्या हाती दिलं, कारण ते वाजवायला जो ठहराव लागतो तो त्यांना तिच्यात दिसला. ज्या माणसाला घराण्याबाहेरचा म्हणून बीन नाकारली गेली होती, त्याने आपली सगळ्यात खोल विद्या मुलीला दिली.

पुढे 1941 साली अन्नपूर्णादेवींचं रविशंकर यांच्याशी लग्न झालं. तो संसार टिकला नाही. त्या मैफिलींपासून दूर गेल्या आणि मुंबईत राहून शिष्य घडवत राहिल्या. 2018 साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचं नाव झालेलं होतं. तरी त्यांनी वाजवायची बाजूच बदलली. उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरायला घेतली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. मुक्तागाछाला बाबांनी जे केलं होतं तेच मुंबईत त्यांच्या मुलीसमोर घडलं.

मोठी माणसं, नवे विद्यार्थी

बाबांकडे आलेल्या शिष्यांमध्ये लहान मुलं होती तशी जाणती माणसंही होती. रविशंकर 1938 साली आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. मोठे भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यसंचाबरोबर त्यांनी युरोप पाहिला होता, उंची कपडे आणि हॉटेलं यांची सवय होती. बाबाही 1935-36 मध्ये त्या संचाबरोबर परदेशी गेले होते, तिथेच ही ओळख झाली. ते सगळं सोडून रविशंकर मैहरच्या साध्या खोलीत राहायला आले.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पन्नालाल घोष यांचं उदाहरण. जन्म 1911 सालचा. मुंबईत सिनेमाला संगीत देत होते, बासरीवादक म्हणून प्रसिद्ध होते. बासरीसारख्या छोट्या वाद्याला मैफिलीत मानाची जागा मिळवून देणारा हा माणूस 1947 साली, वयाच्या 36 व्या वर्षी, बाबांचा शिष्य झाला. शरणराणी यांनी सरोद हातात घेतला तेव्हा बायकांनी हे वाद्य वाजवायची पद्धत नव्हती. त्यांनाही बाबांनी शिकवलं. आपल्या वाईत जन्मलेले व्हायोलिनवादक पंडित वि. गो. जोग यांनाही बाबांचं मार्गदर्शन मिळालं.

मानसन्मान पुढे आपसूक आले. 1958 मध्ये पद्मभूषण, 1971 मध्ये पद्मविभूषण. तरीही रोज पहाटे उठायचं, स्वतः बाजारात जायचं, बागेत काम करायचं आणि रियाज करायचा, हा क्रम त्यांनी सोडला नाही. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरला त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी काय?

बाबांसारखं घरदार सोडा, असं कोण सांगेल? तसं सोडता येतही नाही आणि सोडूही नये. त्यांच्या गोष्टीत आपल्या कामाचं जे आहे ते वेगळंच आहे.

एक तर, शिकणं आणि नाव मिळवणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. नाव मिळालेलं असताना ते शिकायला बसले. आपल्याला तर कुठे मैफिल करायचीय? भजनी मंडळात पेटीची साथ करता आली, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावल्यावर एक भूप वाजवता आला तरी पुष्कळ. ज्याला स्पर्धाच नाही त्याला उशीर कसला?

दुसरं, त्यांनी शिकवणी मिळत नव्हती तेव्हाही कान उघडे ठेवले. आपल्या लहान गावात सतारीचा, सरोदचा मास्तर मिळणार नाही. पण पेटी आहे, तबला आहे, एखादे निवृत्त गुरुजी आहेत. सुरुवात जे मिळतं त्यातूनच होते. मोठेपणी बोटं उशिरा वळतात हे खरं. पण मोठेपणी कान जाणता असतो, आपण कशासाठी शिकतोय हे माहीत असतं. रोजचा अर्धा तास ठरवला आणि तो मोडला नाही, तर वर्षभरात फरक आपल्यालाच ऐकू येतो.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अल्लाउद्दीन शिकू शकले कारण मागे मदनमंजरी थांबली होती. आपल्यापैकी बऱ्याच जणी आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या तरी शिकण्यासाठी थांबलेल्या असतात. नवऱ्याच्या परीक्षेसाठी, मुलांच्या क्लाससाठी, नणंदेच्या बी.एड.साठी. तो थांबण्याचा काळ संपला असेल तर घरच्यांनी आता थोडं आपल्यासाठी थांबावं, असं म्हणायला हरकत नाही. संध्याकाळचा अर्धा तास कुकर दुसऱ्या कुणी लावला तर आभाळ कोसळत नाही.

घरात नवी सून आली असेल आणि तिच्या सामानात तंबोरा, पेटी, नाहीतर नुसती एखादी बासरी दिसली, तर ती माळ्यावर जाऊ देऊ नका. जहाँआराचं काय झालं ते आठवा. ते वाद्य बाहेरच्या खोलीत, हात लागेल असं ठेवा. आणि सून वाजवायला बसली की आपणही शेजारी बसा. तिच्याकडून सा कुठे असतो तेवढं तरी नक्की शिकून घ्या.